पाचवी

२०२४ च्या जुलैत पंचगंगा चढत होती तेव्हा अख्खं कोल्हापूर मोबाइलवर एकच आकडा बघत होतं, राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. मी दुसराच आकडा बघत होतो. काचेच्या पेटीवरच्या मॉनिटरवर तो यायचा, लेकीच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा. ९४, ९३, ९५ आणि मधेच ८६, ७९, ७१. शहराला पाणी चढायचं भ्या, आम्हाला आकडा उतरायचं.

उद्यमनगरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पूर ओसरला की आमचा सिझन. नदीकाठचे बुडालेले पंप टेम्पोनं येतात, आत बोटभर गाळ. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, लावला की काटा शून्यावर. शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो, ‘जळली न्हवं?’ म्हणून विचारतो. पण शून्य आलं म्हणून लगेच कॉइल उपसायची नसते. स्टेटर धुवायचा, हीटर लावलेल्या पत्र्याच्या पेटीत रात्रभर ठेवायचा आणि सकाळी परत मेगर धरायचा. हे मी पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र त्या तीन-चार महिन्यांत मला ते एकदाही सुचलं नाही.

लेक तिसाव्या आठवड्यात झाली. बायकोचं बीपी आवरेना, तेव्हा डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली आणि दोन दिवसांनी सिझर केलं. वजन १,३२० ग्रॅम. पाच एचपीच्या मोटरला याच्या दुप्पट तांबं लागतं. सासू-सासरे शिरोळ तालुक्यातले, रस्ते पाण्याखाली, त्यांना पाच दिवस येताच आलं नाही. आई तेवढी होती. ती येईल त्याला सांगायची, ‘सातव्याचं जगतंय, आठव्याचं न्हाई जगत. आपलं सातव्याचं हाय.’ एकदा सिस्टरांनी हे ऐकलं आणि हसून म्हणाल्या, ‘आजी, आमच्याकडं आठव्याची जास्त जगत्यात. जेवढं पोटात ऱ्हाईल तेवढं चांगलं.’ आईला ते काही पटलं नाही.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची. बाळ तिकडं काचेत आणि आईनं इकडं घरी पाटावर सगळं मांडलं. हळद-कुंकू, नैवेद्य, कोरा कागद आणि माझ्या दुकानातलं बिलाचं पेन. रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. ‘घरात बाळ न्हाई, मग ती कुणाच्या कपाळावर लिहिणार?’ असं मी विचारलं, तर आई म्हणाली, ‘तिला पत्ता ठावं असतोय.’

त्याच रात्री साडेनऊला पेटी पहिल्यांदा ओरडली.

मी हात धुऊन नुकताच आत गेलो होतो. लेक निवांत पडलेली, छाती वर-खाली होत होती. आणि मग ती व्हायची थांबली. रडणं नाही, धडपड नाही, काही नाही. पंखा बंद झाल्यावर पाती हळूहळू थांबतात, तसंही नाही. एकदम बंद. आकडा ९० च्या खाली आला, मग ८०, आणि मागोमाग हृदयाचे ठोकेही उतरायला लागले. सिस्टर शांतपणे आल्या, पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि तळपायाला एक टिचकी मारली. कॅरमला मारतात तशी, पण अगदी हलकी. लेकीनं पाय आखडला, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला.

‘घाबरू नगा. इसरली बघा श्वास घ्यायला.’

श्वास घ्यायला विसरणं! माणूस छत्री विसरतो, किल्ली विसरतो. मी बाहेर बाकावर येऊन बसलो तेव्हा गुडघे लटलट हलत होते.

सकाळी डॉक्टरांनी कागदावर एक चित्र काढलं. वर मेंदू, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, आणि खाली त्याचा देठ. तो देठ म्हणजे ब्रेनस्टेम. श्वास, ठोके, गिळणं यांचे हुकूम तिथून सुटतात आणि कानातून येणारा आवाजही तिथूनच वर जातो. कमी दिवसांच्या बाळात तिथल्या पेशी असतात, जागेवर असतात, पण तयार झालेल्या नसतात. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला, किंवा त्याहून कमी थांबून ठोके आणि ऑक्सिजन उतरले, तर त्याला ॲप्निया म्हणायचं. आणि एक वाईट गोष्ट सांगितली. आपल्याला हवा कमी पडली की आपण जोरात श्वास घेतो. ही बाळं मिनिटभर तसं करतात आणि मग उलट मंदावतात. म्हणजे गरज असते तेव्हाच इंजिन बसतं.

औषध काय, तर कॅफीन. मला वाटलं थट्टा चाललीय. पण खरंच, चहा-कॉफीतलंच कॅफीन. मेंदूत ॲडिनोसिन नावाचं एक द्रव्य असतं, ते श्वासाच्या पेशींना दाबून ठेवतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. पहिला डोस वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट, त्यात निम्मं खरं कॅफीन. रात्री झोप नव्हतीच, म्हणून हिशोब केला. त्या मापानं मला द्यायचं तर एका दमात सहा-सात कप कॉफी झाली. आपल्या अंगातून कॅफीन पाच-सहा तासांत निम्मं होतं, या बाळांना त्याला तीन-चार दिवस लागतात. २००६ साली या औषधाची मोठी चाचणी छापून आली, तीत बरोबर २,००६ बाळं होती. डॉक्टरांनी हा योगायोग सांगितला आणि माझ्या डोक्यात औषधापेक्षा तोच जास्त बसला.

माझी मेहुणी बेंगळुरूला संशोधन करते. पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूच्या देठावर, आता काय बोलायचं! लग्नात मी तिला विचारलं होतं की उंदरांच्या डोक्यात बघून पगार किती मिळतो. आता रोज रात्री तिलाच फोन लावत होतो.

ती म्हणाली, ‘दाजी, पिल्लू जन्मतं ते कच्चंच. कान बाराव्या दिवसाच्या आसपास सुरू होतात. म्हणून तर आम्हाला ते बरं पडतं, पिकताना बघता येतं.’

देठाचा पाव मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आमच्या इन्सुलेशन पेपरच्या जाडीचा काप घ्यायचा. मिठाच्या पाण्यात ठेवायचा, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे काप काही तास जिवंत राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली, जिचं टोक मायक्रॉनभर आहे अशी काचेची नळी एका पेशीला टेकवायची आणि किंचित ओढून घ्यायचं. पेशीची कातडी काचेला अशी चिकटते की मधला रोध गिगाओह्ममध्ये जातो. ही युक्ती काढणाऱ्या नेहर आणि साकमन यांना १९९१ चं नोबेल मिळालं. गिगाओह्म म्हटल्यावर मी ताठ बसलो. आमचा मेगर काही मेगोह्म दाखवायला लागला की आम्ही पेढे वाटतो.

मी म्हटलं, ‘समजलं. म्हणजे कच्च्या पेशीचा रोध कमी, गळती असणार. पिकेल तसा रोध वाढतो. ओली मोटर सुकल्यासारखं.’

‘उलटं आहे दाजी.’

‘उलटं कसं?’

‘कच्च्या पेशीचाच रोध जास्त. शेकडो मेगोह्म. पिकताना तो उतरतो.’

हे मला त्या रात्री झोपेपर्यंत कळेना. दुसऱ्या दिवशी दुकानात, ओल्या मोटरींच्या ढिगाऱ्यात बसून पुन्हा फोन केला. तिनं मग माझ्या भाषेत सांगितलं. पेशीच्या कातडीत दारं असतात, त्यांतून पोटॅशियम, सोडियमचे कण ये-जा करतात, तोच करंट. कच्च्या पेशीत दारं थोडी, म्हणून रोध मोठा. करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज, तेव्हा जरासा करंट आला तरी व्होल्टेज भरमसाट हलतं. पण हलतं सावकाश. रोध मोठा असला की कपॅसिटर भरायला वेळ लागतो, हे तर मला शिकवायला नको. एकदा ठिणगी पडली की ती रुंद आणि रेंगाळणारी, विझायला उशीर, मग लगेच दुसरी टाकता येत नाही. पेशी मोठी होते तशी दारं वाढतात, आणि चपळ बंद होणारी दारं येतात. रोध उतरतो, आतलं व्होल्टेज आणखी उणे बाजूला जाऊन स्थिरावतं, ठिणगी उंच आणि अरुंद होते. मग ती पेशी एका सेकंदात कितीतरी वेळा, ठेका न चुकता ठिणगी टाकते.

‘म्हणजे आत्ता ती बिघडलेली नाही,’ मी म्हटलं.

‘बिघडलेली कुठं? अजून जोडणी चाललीय. आणि ब्रेकचं ऐका. मोठ्या मेंदूत गाबा म्हणून एक द्रव्य ब्रेक लावतं. कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त भरलेलं असतं, त्यामुळं तोच ब्रेक कधीकधी उलटा ॲक्सिलरेटरसारखा वागतो.’

असली गाडी मी तरी रस्त्यावर काढली नसती.

श्वासाचा ठेका धरणाऱ्या पेशींचा एक पुंजका देठात आहे, तो १९९१ साली सापडला. नाव प्री-बॉट्झिंगर. बॉट्झिंगर हे नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून घेतलेलं, शास्त्रज्ञांच्या जेवणात टेबलावर होती म्हणून. माझ्या लेकीचा श्वास एका दारूच्या बाटलीच्या नावावर चाललाय हे मी आईला सांगितलं नाही.

वीस दिवसांनी कांगारू केअर सुरू झाली. शर्टाची बटणं काढून खुर्चीत रेलायचं, बाळ नुसत्या डायपरवर छातीवर ठेवायचं आणि वरून पंचा बांधायचा. १९७८ ला कोलंबियातल्या बोगोटात पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं. ती छातीवर असली की मी तिचे श्वास मोजायचो. भराभर सात-आठ श्वास, मग थांबा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा भराभर. सिस्टर म्हणाल्या, एवढं थांबलं तर चालतंय, या बाळांचा ठेका असाच असतो. पण त्या सहा आकड्यांत मी घरच्या सगळ्या देवांना एकेक फेरी मारून यायचो. अंबाबाईला दोन.

ऑगस्ट संपता संपता चौतीस आठवडे पुरे झाले. गिळणं आणि श्वास यांचा मेळही त्याच सुमाराला बसायला लागतो, दूध ओढताना निळी पडायची ते थांबलं. कॅफीन बंद केलं. बंद केलं तरी ते अंगात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणून पुढचा आठवडाभर नुसतं बघत बसायचं. ते दिवस मी लिहीत नाही, काही घडलंच नाही. ५ सप्टेंबरला घरी आलो. दोन दिवसांनी गणपती. गल्लीत मंडळाच्या पोरांनी डॉल्बी आमच्या दारापासून लांब नेला, न सांगता.

काविळीसाठी ती निळ्या दिव्याखाली होती, जंतुसंसर्गासाठी कानाला त्रास देऊ शकणारं औषधही चाललं होतं. म्हणून सुट्टीच्या कागदावर लिहून दिलं होतं, ‘बेरा’. कानाची साधी तपासणी कानाच्या आतल्या शंखापुरतं सांगते. तिथून पुढं देठातून आवाज वर पोचतो का, हे बेरात कळतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. कुठं ते लिहीत नाही. ‘बाळाला सकाळपासून झोपवू नका, इथं झोपली पाहिजे,’ असं फोनवर सांगितलेलं. घरातल्या चौघांनी मिळून तिला जागवली आणि ती रिक्षात दसरा चौकाच्या अलीकडंच ढाराढूर झाली. पोचल्यावर टक्क जागी. शेवटी झोपेचं सिरप दिलं आणि तासभर थांबलो. कपाळ आणि कानामागची कातडी वाळूसारख्या पेस्टनं घासून तिथं वायरी चिकटवल्या. पोरगी टेक्निशियन स्क्रीनकडं बघून म्हणाली, ‘इम्पीडन्स जास्त येतोय.’ त्या खोलीत मला कळलेलं ते पहिलं वाक्य. म्हटलं, डाव्या कानामागचा जॉइंट लूज आहे. तिनं दाबला, आला खाली. बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

कानात टकटक सोडतात. एका टकटकीला देठातून जे उत्तर येतं ते व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. खासबाग मैदानात कुस्ती रंगलेली असताना लांबून एका पोरानं हाक मारावी तसं. पण टकटक एक-दोन हजार वेळा सोडायची आणि सगळी उत्तरं एकावर एक ठेवून सरासरी काढायची. गलका कधीही, कसाही येतो, तो आपसांत कटतो. हाक मात्र दरवेळी ठरल्या क्षणाला येते, ती उरते. १९७१ ला ज्युएट आणि विलिस्टन यांनी या लाटांना रोमन आकडे दिले. पहिली लाट कानाच्या नसेची आणि देठ चढत चढत पाचवी जवळजवळ वरच्या टोकाची. सगळं दहा मिलिसेकंदांच्या आत.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. वय : ३ महिने. पहिल्या ते पाचव्या लाटेतलं अंतर ५.१ मिलिसेकंद, वयाच्या मानानं वाढलेलं. ब्रेनस्टेमच्या पातळीवर वहन मंदावल्याची शक्यता. देणाऱ्यानं पाकीट काउंटरवरून सरकवलं, ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

त्या वर्षी आमची दिवाळी झाली नाही. आईनं स्टीलचं ताट वाजवलं, पोरगी दचकली, ‘ऐकतंय की!’ आणि मी आईवर ओरडलो, की दचकण्यानं काही सिद्ध होत नाही. नंतर मी स्वतःच गुपचूप चमचा वाजवून बघितला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाकिटातल्या रिपोर्टचा फोटो मेहुणीला पाठवला. तिचं उत्तर एवढंच : ‘दाजी, वय कुणी लिहिलं?’

‘जन्मतारखेवरूनच की.’

‘तिची डिलिव्हरीची तारीख काय होती?’

दोन ऑक्टोबर. गांधी जयंती, सोनोग्राफीच्या पहिल्या कागदावर होती. तपासणी झाली तेव्हा जन्म होऊन तीन महिने झाले होते आणि ठरल्या दिवसापासून फक्त तीन आठवडे. ‘मी उंदरांची डॉक्टर, माझं ऐकू नका. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टला दाखवा,’ ती म्हणाली.

दुसऱ्या मॅडम राजारामपुरीत होत्या. त्यांनी आधी सगळे कागद बघितले, रिपोर्ट शेवटी. पेनानं ‘३ महिने’ खोडून शेजारी लिहिलं, ‘दुरुस्त वय ३ आठवडे’. म्हणाल्या, ‘पूर्ण दिवसांच्या नुकत्या जन्मलेल्या बाळात हे अंतर साधारण पाच असतं. मोठ्या माणसात चार. मधलं सगळं कमी व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. नसांच्या तारांवर मायलिनचं वेष्टन चढतं, पेशी चपळ होतात.’

‘पण बाहेर येऊन तीन महिने झाले की, मॅडम.’

‘बाहेर आल्यानं तारा लवकर पिकत नाहीत. त्या गर्भ राहिल्यापासून दिवस मोजतात.’ मग त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. ‘आणि हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? ३० डेसिबलला पण पाचवी आलीय. म्हणजे हळू आवाजही वर पोचतोय.’

आई मागच्या खुर्चीवर होती. तिनं फक्त शब्द ऐकला. ‘पाचवी केलीया बाई. घरातच केली, पन केलीया.’

मॅडमना काही कळलं नाही. मला त्यांना समजावून सांगता येईना, कारण मी रडत होतो.

पहिल्या ठिकाणी जाऊन भांडायचं मनात होतं. गेलो नाही. फॉर्मवर वयाचा एकच रकाना होता आणि तो मीच भरला होता, जन्मतारखेवरून. पण कमी दिवसांची म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याच फायलीत टाचलेली होती, ती कुणी उलटून बघितली नाही, याचा राग अजून आहे.

जानेवारीच्या अखेरीला पुन्हा बेरा, राजारामपुरीतच. या वेळी सिरप लागलं नाही, बायकोनं पाजलं आणि ती पाजता पाजताच झोपली. फॉर्मवर मी वय दोनदा लिहिलं, जन्मापासूनचं आणि दुरुस्त, आणि दुरुस्तखाली रेघ ओढली. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. लाटा मागच्यापेक्षा टोकदार दिसत होत्या. अंतर ४.६. मेहुणीला आकडा पाठवला तर तिनं झोपलेल्या उंदराच्या पिल्लाचा फोटो पाठवला.

घरी आल्यावर बघतो तर कपाळावर पेस्ट वाळून बसलेली, केसांत गुठळ्या. आईनं लेकीला मांडीवर घेतलं, बोटावर खोबरेल घेऊन कपाळ हळूहळू चोळायला लागली. चोळता चोळता विचारलं, ‘ते मशीन काय करतंय रं? तू मोटर गुंडाळतोस तसलंच काय?’

‘न्हाई आई,’ मी म्हटलं. ‘तो नुसता मेगर.’